पाण्याचा पोशाख, पोकळीचा पोशाख



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवत, आणि दाबाचा धडा ते विहिरीच्या काठावर घेत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज मी दाबाविषयीच बोलणार आहे. त्यासाठी दोन पोशाख निवडले आहेत: अंतराळवीराचा आणि पाणबुड्याचा.

चित्रात हे दोन पोशाख सख्ख्या भावांसारखे दिसतात. गोल हेल्मेट, समोर काच, जाडजूड हातमोजे, आणि आत एक माणूस, ज्याला बाहेरून श्वास मिळणार नाही. त्यामुळे एकात थोडा फेरफार केला की दुसरा तयार होतो, अशी पुष्कळांची समजूत असते. दोघांत नाते आहे हे खरे. पण ते हेल्मेटमध्ये शोधून सापडत नाही. ते कोपरात आहे, गुडघ्यात आहे, बोटांच्या पेरांत आहे. तिथवर पोहोचण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. याला आपण एक वातावरण म्हणू. जमिनीवरून वर जावे तसा तो घटत जातो आणि अंतराळात जवळजवळ शून्य होतो. म्हणजे चंद्रावर जा की मंगळाच्या वाटेवर असा, शरीराच्या आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक एका वातावरणापेक्षा जास्त होऊच शकत नाही. पाण्यात मात्र दर १० मीटरला एक वातावरण वाढते. मालवणच्या समुद्रात १० मीटर खाली उतरलेल्या माणसाने दाबाच्या भाषेत जमिनीपासून अंतराळापर्यंतचे सगळे अंतर कापलेले असते, फक्त उलट्या दिशेने. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात ‘मुंबई हाय’चे तेलक्षेत्र आहे. तिथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटर. तिथल्या तळावर काम करणाऱ्या पाणबुड्यावर हवेपेक्षा साडेसात पट जास्तीचा दाब असतो.

मग प्रश्न पडतो. समुद्र एवढा जोरकस असताना पाणबुड्याला रबरी पोशाख पुरतो, आणि तुलनेने सौम्य अशा पोकळीसाठी अंतराळवीराला चौदा थरांचे, शंभर किलोंहून जड चिलखत का लागते?

याचे उत्तर असे की पाणबुड्याचा नेहमीचा पोशाख दाबाला अडवतच नाही. आपले शरीर मुख्यतः पाण्याचे, आणि पाणी जवळजवळ दाबले जातच नाही. दाबली जाते ती फुप्फुसांतली, कानांतली, कपाळामागच्या पोकळ्यांतली हवा. त्या हवेला बाहेरच्या पाण्याइतकाच दाब दिला की माणूस ७५ मीटरवरही सहज हात हलवतो. ऑगस्टस सीब या जर्मनीतून लंडनला येऊन स्थायिक झालेल्या कारागिराने १८३७ च्या सुमारास जो बंदिस्त पोशाख बनवला, त्याचे तत्त्व हेच. रबर चढवलेल्या कॅनव्हासचा अंगरखा, त्यावर पेचाने बसणारे तांब्याचे हेल्मेट, छातीवर शिसे, बुटांना शिशाचे तळवे, आणि वरच्या नावेतून हातपंपाने येणारी हवा. खोली वाढली की पंपवाले दाब वाढवत. पोशाखाच्या आत आणि बाहेर जवळजवळ सारखाच दाब, त्यामुळे कापडावर ताण नाही.

ताण कापडावर आला नाही, तरी तो कुठेतरी यायचाच. तो रक्तात आला. दाबाखाली घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मेदात विरघळतो. माणूस झटकन वर आला की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. १७८२ मध्ये स्पिटहेडला बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या ब्रिटिश युद्धनौकेचे अवशेष काढण्याचे काम कर्नल पासलीने १८३९ मध्ये सुरू केले. तिथल्या पाणबुड्यांना सांधेदुखीने ग्रासल्याची नोंद आहे. ती सांधेदुखी म्हणजे हे बुडबुडे. पुढे ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी दाबाखालच्या पेट्यांत खोदकाम करताना वॉशिंग्टन रोबलिंग हा मुख्य अभियंता याच विकाराने पंगू झाला. या विकारावरचा उपाय जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. बोकडांवर प्रयोग करून त्याने दाखवले की टप्प्याटप्प्याने थांबत वर आले तर धोका टळतो. आजची कोष्टके सुधारलेली आहेत, पण थांबत वर येण्याची रीत त्याचीच.

हा हॉल्डेन मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्ही पोशाखांच्या कथा त्याच्या घरात एकत्र येतात. त्याने नौदलासाठी केलेल्या डायव्हिंगच्या प्रयोगांत १९०६ मध्ये त्याचा तेरा वर्षांचा मुलगाही स्कॉटलंडच्या पाण्यात उतरला होता, आणि मापाने मोठ्या असलेल्या त्याच्या पोशाखात पाणी शिरले होते. तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. १९३९ मध्ये ‘थेटिस’ पाणबुडी बुडाल्यानंतर त्याने स्वतःच्या शरीरावर दाबाचे आणि शुद्ध ऑक्सिजनचे जीवघेणे प्रयोग केले. पुढे तो भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारला. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी माणूस प्रथमच यानाबाहेर अंतराळात तरंगला.

थोरल्या हॉल्डेनने असेही सुचवले होते की अतिशय उंचावर, विरळ हवेत जायचे तर पाणबुड्याच्या पोशाखासारखे काहीतरी घालावे लागेल. १९३३ मध्ये मार्क रिज हा अमेरिकन बलूनिस्ट ही कल्पना घेऊन लंडनला त्याच्याकडे आला. हॉल्डेन आणि सीबच्या परंपरेतल्या ‘सीब गॉर्मन’ कंपनीचे रॉबर्ट डेव्हिस यांनी डायव्हिंगच्या पोशाखात फेरफार करून त्याच्यासाठी एक पोशाख बनवला. तो घालून रिज निर्वात कोठीत बसला आणि २५ किलोमीटरहून अधिक उंचीवर असते तितकी विरळ हवा त्याने सहन केली. त्याच घराण्यातला सुधारलेला पोशाख घालून सप्टेंबर १९३६ मध्ये ब्रिटिश हवाई दलाचा अधिकारी स्वेन विमानाने ४९,९६७ फुटांवर गेला. उतरताना त्याचा श्वास कोंडू लागला, तेव्हा त्याला हेल्मेटची खिडकी सुरीने फाडावी लागली. म्हणजे वंशावळ खरी आहे. अंतराळाच्या पोशाखाच्या आरंभीच्या पिढ्यांपैकी एक थेट पाणबुड्याच्या कारखान्यात जन्मली.

पण जन्मताच तिला एक दुखणे जडले, आणि ते पाणबुड्यांना आधीपासून ठाऊक होते. जुन्या पोशाखात कधी चुकून जास्त हवा भरली जाई. मग कापड टरारून फुगे, हातपाय ताठ होऊन बाजूंना पसरत, पाणबुड्याचा हात हवा सोडण्याच्या झडपेपर्यंत पोहोचत नसे, आणि तो असहाय होऊन वर फेकला जाई. पाणबुड्यासाठी हा अपघात. अंतराळवीरासाठी हीच नित्याची अवस्था, कारण त्याच्या पोशाखात दाब आत असतो आणि बाहेर काहीच नसते.

१८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव्ह ‘वोस्खोद २’ मधून बाहेर पडला आणि सुमारे बारा मिनिटे तरंगला. तेवढ्यात त्याचा पोशाख इतका फुगला आणि ताठ झाला की बोटे हातमोज्यांतून आणि पावले बुटांतून मागे सरकली. ठरल्याप्रमाणे हवाबंद कोठीत पाय आधी घालून शिरता येईना. त्याने पोशाखातला दाब कमी केला. असे केल्याने नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका होता, तरीही केला, आणि डोके आधी घालून आत शिरला. या प्रसंगाकडे बहुधा धाडसाची गोष्ट म्हणून पाहिले जाते. मला त्यात पोशाखशास्त्राचा सगळा पेच दिसतो.

सायकलची हवा भरलेली ट्यूब वाकवून पाहा. ती वाकते, पण हात सोडताच पुन्हा सरळ होते. वाकवताना आतली जागा कमी होते आणि आतल्या हवेला दाबण्यासाठी आपल्याला कष्ट पडतात. फुगलेल्या बाहीत कोपर वाकवताना नेमके हेच होते, दर वेळी, प्रत्येक हालचालीला. उपाय एकच: वाकले तरी आतली जागा तेवढीच राहील असा सांधा बनवायचा. तो बनवणे फार अवघड असते. अपोलोच्या चांद्रवीरांचे पोशाख डेलावेअरमधल्या इंटरनॅशनल लेटेक्स कॉर्पोरेशनने केले, तेच ‘प्लेटेक्स’ नावाने अंतर्वस्त्रे विकणारे. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी रबराच्या घड्या घातलेले, केबलने आवरलेले सांधे इंचाच्या बत्तिसाव्या-चौसष्टाव्या भागाइतक्या अचूकतेने शिवले. चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्यांच्या यादीत या बायकांची नावे नाहीत, पण त्या टाक्यांवरच ती पावले उभी होती.

आता पुन्हा समुद्राकडे येऊ, कारण माझ्या मते अंतराळपोशाखाचा खरा भाऊ तिथे आहे. हा सीबचा मऊ पोशाख नव्हे. हा धातूचा कडक पोशाख, ज्याच्या आत कायम एकच वातावरण ठेवलेले असते, बाहेर कितीही दाब असो. फ्रान्समध्ये कार्मान्योल बंधूंनी १८८२ मध्येच असा पोशाख बनवला होता, पण तो पाण्यात नीट चालला नाही. कारण पुन्हा तेच. बाहेरचा दाब सांध्यांना असा जखडतो की ते वळत नाहीत, आणि सैल ठेवले तर गळतात. जोसेफ पेरेस याने १९३० च्या सुमारास द्रवाच्या गादीवर तरंगणारे सांधे योजले. त्याचा ‘ट्रायटोनिया’ पोशाख घालून जिम जॅरेट १९३५ मध्ये आयर्लंडच्या दक्षिणेला ९० मीटरहून खोल पडलेल्या ‘लुसितानिया’ जहाजावर उतरला. नौदलाने त्यात रस घेतला नाही आणि ती कल्पना तीस-पस्तीस वर्षे धूळ खात पडली. १९७० च्या दशकात तेलकंपन्यांना गरज पडली तेव्हा तिचे पुनरुज्जीवन झाले आणि पोशाखाला जॅरेटच्या नावावरून ‘जिम’ हे नाव मिळाले. १९७९ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल याच पोशाखात हवाई बेटांजवळ ३८१ मीटर खोल तळावर अडीच तास चालली. वर येताना तिला टप्प्यांवर थांबावे लागले नाही, कारण तिच्या रक्ताने तो दाब पाहिलाच नव्हता. २००६ मध्ये अमेरिकन नौदलाचा डॅनियल जॅक्सन अशाच पोशाखात ६१० मीटरवर गेला.

कडक पोशाखाचा सांधा आणि अंतराळाचा सांधा हे एकाच प्रश्नाचे दोन चेहरे आहेत. एकात दाब बाहेरून आत रेटतो, दुसऱ्यात आतून बाहेर. दोन्हींत हवे असते ते आकारमान न बदलता फिरणारे वळण. कॅनडाच्या फिल नायटेनने १९८० च्या दशकात डायव्हिंगसाठी फिरत्या कड्यांचे सांधे बनवले. त्याच काळात नासाच्या एम्स केंद्रात ह्युबर्ट विकुकाल ‘एएक्स-५’ हा अॅल्युमिनियमचा अंतराळपोशाख करत होता, त्यातही तिरप्या फिरत्या कड्याच होत्या. दोन्ही पोशाखांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर कोणता पाण्याचा आणि कोणता पोकळीचा हे सांगताना जाणकारही क्षणभर थांबेल. ‘एएक्स-५’ पुढे वापरात आला नाही. अंतराळस्थानकासाठी जुना मऊ पोशाखच सुधारून घेतला गेला. मला तो निर्णय आजही खटकतो. का, ते आता सांगतो.

मऊ पोशाखात दाब जितका कमी तितकी हालचाल सोपी. म्हणून अमेरिकी पोशाखात फक्त ०.३ वातावरण दाब ठेवतात, आणि तेवढ्यात श्वास पुरावा म्हणून आत शुद्ध ऑक्सिजन भरतात. पण स्थानकाच्या आत आपल्यासारखीच हवा असते, एक वातावरणाची, नायट्रोजनसह. तिथून एकदम ०.३ वर जाणे म्हणजे गुणोत्तराने पाहता २० ते २५ मीटर खोलीवर दीर्घकाळ राहून थेट पृष्ठभागावर येणे. म्हणून बाहेर पडण्याआधी अंतराळवीर तासन्‌तास शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन धुऊन काढतात. हॉल्डेनच्या बोकडांचा धडा जमिनीपासून ४०० किलोमीटर उंचीवरही सुटत नाही. ‘एएक्स-५’ मध्ये ०.५६ वातावरण दाब राहू शकत होता, आणि ही पूर्वतयारी जवळजवळ टळली असती. सांधा चांगला असता तर रक्ताला शिक्षा झाली नसती, असे हे सरळ नाते आहे.

ऑक्सिजनचेही असेच उलटसुलट. पोकळीत शुद्ध ऑक्सिजन तारतो. पाण्यात सहा मीटरच्या खाली तोच शुद्ध ऑक्सिजन मेंदूला विष ठरून झटके आणू शकतो. धाकटा हॉल्डेन हे आपल्या मणक्यांची किंमत देऊन शिकला. श्वास पुन्हा वापरण्याची युक्ती मात्र दोघांची सामायिक आहे. हेन्री फ्ल्यूसने बनवलेल्या, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून उरलेला वायू पुन्हा श्वासाला देणाऱ्या उपकरणाच्या आधारे १८८० मध्ये पाणबुड्या अलेक्झांडर लॅम्बर्ट ब्रिटनमधल्या पाण्याने भरलेल्या सेव्हर्न बोगद्यात अंधारात शिरला आणि आतला दरवाजा बंद करून आला. अंतराळवीराच्या पाठीवरची पेटी तत्त्वतः त्याच उपकरणाची वंशज आहे.

उष्णतेबाबत थोडक्यात सांगतो. पाणी शरीराची ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने खेचते, म्हणून थंड समुद्रात जहाजावरून नळीने गरम पाणी पोशाखात खेळवतात. पोकळीत ऊब जायला जवळजवळ वाटच नसते. १९६६ मध्ये ‘जेमिनी ९’ मधून बाहेर आलेला यूजीन सर्नन घामाने इतका भिजला की काचेवर वाफ धरून त्याला दिसेनासे झाले. त्यानंतर अंतराळवीराच्या अंगाला लागून सुमारे नव्वद मीटर बारीक नळ्यांतून थंड पाणी फिरवायला सुरुवात झाली.

तेच थंड पाणी एकदा शत्रू झाले. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचा लुका पार्मितानो स्थानकाबाहेर असताना शीतक व्यवस्थेतले पाणी त्याच्या हेल्मेटमध्ये शिरू लागले. गुरुत्व नसल्याने ते खाली जाईना. ते चेहऱ्याला चिकटले, नाकाडोळ्यांवर चढले. दीड लिटरच्या आसपास पाणी, आणि माणूस अंतराळात बुडण्याच्या बेतात. तो आठवणीच्या आधारे दोरी धरून दारापर्यंत परतला. ज्यांना हे दोन पोशाख वेगळ्या जगांतले वाटतात, त्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

पोशाख किंवा कोठी फुटली तर काय होते, हेही स्पष्ट सांगायला हवे. डिसेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कोठीत जिम लब्लांक या तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. साधारण चौदा सेकंदांत त्याची शुद्ध गेली. जिभेवरची लाळ उकळत असल्याची जाणीव त्याला शेवटची आठवत होती. हवा परत भरताच तो उठून बसला. उलट ५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तर समुद्रात ‘बायफोर्ड डॉल्फिन’ या तेलविहिरीच्या फलाटावर पाणबुडे राहत असलेली दाबाची कोठी अचानक उघडली गेली आणि नऊ वातावरणांवरून क्षणात एकावर येताना चार पाणबुडे जागीच गेले, एक सहायकही गेला. पोकळीत वेळ थोडा असतो, पण असतो. खोल समुद्राच्या दाबातून सुटताना तोही नसतो. आपल्या मुंबई हायवर दाबाच्या कोठीत दिवसचे दिवस राहून काम करणाऱ्या माणसांचे धोके अंतराळवीरांपेक्षा कमी नाहीत, हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो. त्यांची छायाचित्रे मात्र शाळेच्या भिंतींवर लागत नाहीत.

दोन्ही जगे एकत्र नांदतात अशी एक जागा आहे. ह्यूस्टनमधला ६२ मीटर लांब आणि १२ मीटर खोल तलाव, ज्यात स्थानकाच्या प्रतिकृती बुडवून ठेवल्या आहेत. अंतराळवीर तिथे खराखुरा फुगवलेला पोशाख घालून काम शिकतात आणि भोवती साध्या पोशाखातले पाणबुडे त्यांना सांभाळतात. अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांची जडणघडण इथे पाहण्यासारखी आहे. त्या अमेरिकन नौदलाच्या प्रशिक्षित डायव्हिंग अधिकारी होत्या. २००२ मध्ये फ्लोरिडाजवळ समुद्रतळावरच्या ‘अॅक्वेरियस’ या निवासात त्या नऊ दिवस राहिल्या, आणि पुढे नऊ अंतराळचालींत ६२ तास ६ मिनिटे यानाबाहेर काम केले.

आता आपल्याकडे. गगनयान या समानव अंतराळमोहिमेची तयारी चालू आहे. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था तिघांना टायटॅनियमच्या गोलातून ६००० मीटर खोल नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी विकसित करत आहे. भारतीय माणूस यानाबाहेर पडायचा दिवसही येईल, आणि तेव्हा सगळ्यात अवघड गोष्ट ठरेल ती हातमोजा. इथे दोन्ही परंपरा अजून हरलेल्या आहेत. खोल समुद्राच्या कडक पोशाखाने बोटांचा नाद सोडून चिमटे लावले. अंतराळपोशाखाला बोटे हवीत, म्हणून काम करून परतलेल्या काही अंतराळवीरांची नखे उखडतात.

या सभागृहात अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, त्यांना एक गोष्ट सांगून थांबतो. २००७ मध्ये नासाने चांगल्या हातमोज्यासाठी खुली स्पर्धा ठेवली. ती जिंकली मेन राज्यातल्या पीटर होमर या बेकार अभियंत्याने, घरी जेवणाच्या टेबलावर शिवलेल्या हातमोज्याने. बक्षीस दोन लाख डॉलर. हवा काढून घेतलेली एक पेटी, तिच्यात हात घालायला भोक आणि एक साधा निर्वात पंप, एवढ्यावर तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे काम सुरू करता येईल. सुरू करण्यापूर्वी उरण, अलिबाग, मालवणकडच्या निवृत्त पाणबुड्यांना भेटा, त्यांना बोलते करा, आणि हात कुठे, कसा, कधी अडकतो हे त्यांच्याकडून मराठीत लिहून घ्या.